पळी, चमचा आणि मोड

ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या वर गेला आणि तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना घरांच्या किमती आणि मुलांची कॉलेजे यांच्या जोडीला एक नवा विषय आला आहे. "पुण्याच्या घरात आईची चांदी नुसती पडून आहे. भाव आहे तोवर मोडीत देऊन टाकावी म्हणतोय." असे म्हणणारे निदान चार जण आम्हाला भेटले. त्यांचे गणित पक्के आहे. भाव, वजन, सराफाची घट आणि भावाबहिणीचा वाटा, सगळे तोंडपाठ. आमचे म्हणणे एवढेच की हे गणित सुरू होण्याआधी त्या भांड्यांवर काय लिहिले आहे ते कोणीतरी वाचावे. हे म्हणणे आम्हाला सुचले ते इंग्रजांच्या चमच्यांमुळे, म्हणून आधी त्यांच्याकडे वळतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले नक्षीदार चांदीचे चमचे जमवण्याचा आम्हाला नाद आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यावरून थट्टाही भरपूर होते. "देशात चमचे काय कमी होते म्हणून इथे येऊन जमवता?" हा नेहमीचा विनोद. दुसरा आक्षेप आमच्याकडच्या ज्येष्ठ मंडळींचा, आणि तो विनोद नव्हे: "कुणा परक्याचे उष्टे चमचे घरात कशाला?" यावर उत्तर असे की जुन्या धर्मशास्त्रात चांदीचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते असे सांगितले आहे. मात्र तिथेच एक अट आहे, भांड्यावर नक्षी नसली पाहिजे. रसायनशास्त्राच्या माणसाला ही अट फारच पटते. मळ बसतो तो नक्षीच्या खाचेतच. तेव्हा नक्षीच्या चमच्यांना साबण लावतो आणि पुढे जातो.

फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्याला असा नाद लागायला वेळ लागत नाही. १९५६ साली पाच गावे एकत्र येऊन आपले शहर झाले. त्यातले नाइल्स हे रेल्वेकाठचे गाव. १९१५ साली चार्ली चॅप्लिनने तिथे चित्रपट काढले म्हणून ते माहीत असते, पण जुन्या वस्तूंच्या दुकानांसाठीही त्याचे नाव आहे. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अलमेडाला जुन्या नौदल तळावर मोठा बाजार भरतो. वीस वर्षांपेक्षा नवी वस्तू तिथे मांडू देत नाहीत. (या नियमाने आमच्या घरातले निम्मे फर्निचर पात्र ठरेल.) चमचे असतात बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यात, काट्यासुऱ्यांच्या ढिगाखाली. कळ्या निवडाव्यात तसे निवडायचे.

व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. त्या साठाहून अधिक वर्षांत इंग्लंडच्या मध्यमवर्गाच्या हातात पैसा आला आणि टेबलावर पदार्थागणिक वेगळा चमचा आला. मिठाचा वेगळा, मोहरीचा वेगळा, डब्यातून चहाची पत्ती काढायचा आखूड दांड्याचा तिसराच. कुठे शिंपल्यासारखी वाटी, कुठे दांड्यावर द्राक्षाचा वेल, कुठे टोकाला येशूच्या शिष्याची इवलीशी मूर्ती. हा शेवटचा बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला द्यायचा. आपल्याकडे उष्टावणाला मामा चांदीची वाटी-चमचा आणतो, त्याच नात्यातली गोष्ट.

पण खरी गंमत चमचा उलटा केल्यावर आहे. दांड्याच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढे चारपाच ठसे असतात. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे त्या काळचे शेफील्ड. एक अक्षर, त्यावरून साल. दोनतीन आद्याक्षरे, ती कारागिराची किंवा पेढीची. आणि राणीचे मुखडे असेल तर सरकारी कर भरला होता, तो कर १८९० साली बंद झाला, म्हणजे चमचा त्याच्या आधीचा. चांदी तपासून ठसा मारायची ही रीत १३०० सालच्या कायद्यापासून चालत आली आहे. ग्राहकाची फसवणूक होऊ नये एवढाच मूळ हेतू. पण त्याचा परिणाम असा की आज फ्रीमाँटमध्ये बसून, ज्या घराशी आपले काडीचे नाते नाही त्या घरचा चमचा कोणत्या शहरात, कोणत्या साली, कोणाच्या पेढीत झाला हे आम्ही अर्ध्या तासात सांगू शकतो. आणि आमच्याच आजीची आचमनाची पळी कोणत्या गावच्या कोणत्या सोनाराने घडवली हे सांगता येत नाही. हे लक्षात आल्यापासून आमच्या छंदाची दिशा थोडी बदलली.

ज्यांना इथे चमचे घ्यावेसे वाटतील त्यांच्यासाठी दोनचार गोष्टी सांगून ठेवतो, कारण बाजारात चांदीपेक्षा चांदीसारखे जास्त. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली विजेने चांदीचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर मुलाम्याच्या चमच्यांचा पूर आला. त्यांवर 'ई.पी.एन.एस.' अशी अक्षरे असतात. आतला धातू जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. नावात चांदी आहे, चमच्यात नाही. (आपल्या आज्या ज्याला 'जर्मन'चे पातेले म्हणत ते तर ॲल्युमिनियम. जर्मनांच्या नावावर काय काय खपले आहे.) लोहचुंबकाने काही सिद्ध होत नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. वाटीची पाठ टेबलावर घासते तिथे पिवळट करडा रंग डोकावत असेल तर मुलामा समजावा. ॲसिडच्या बाटल्या घरात आणू नका. त्याऐवजी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. आधी चमच्याचे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला चमचा पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. साठ ग्रॅमचा मोठा चमचा चांदीचा असेल तर काटा ५.८ च्या आसपास दाखवेल, जर्मन सिल्व्हरचा असेल तर ६.९ च्या. आर्किमिडीजने हेच केले होते, फक्त त्याच्याकडे काटा कमी चांगला होता.

अमेरिकन चमच्यांवर इंग्लंडसारखे सरकारी ठसे नाहीत, नुसते 'स्टर्लिंग' असते. १८९० च्या सुमारास इथे गावोगावचे आठवणीचे चमचे काढायची लाट आली. मॅसॅच्युसेट्सच्या सेलम गावाने चेटकिणीचा चमचा काढला, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे तर किती निघाले त्याला गणती नाही. कॅलिफोर्नियाचे अस्वल असलेले आपल्या भागात पुष्कळ दिसतात. मुलांना सुरुवातीला हेच आवडतात. हस्तिदंती मुठीची वस्तू मात्र मोहात पडून घेऊ नका. कॅलिफोर्नियात जुलै २०१६ पासून हस्तिदंताच्या विक्रीला बंदी आहे.

आणखी एक प्रकार सांगतो, कारण त्याचा पुढे संबंध आहे. वाटीत फळांची उठावाची नक्षी आणि सोनेरी मुलामा असलेले 'बेरी स्पून' फार देखणे दिसतात. ठसे पाहिले तर कित्येकदा चमचा १७९० चा निघतो. म्हणजे आजोबांचे साधे, सुबक चमचे नातवंडांना जुनाट वाटले म्हणून व्हिक्टोरियाच्या काळात त्यांच्यावर द्राक्षे आणि नासपती ठोकून घेतली. आमच्या मते हा गुन्हाच. तरी त्या लोकांनी निदान ठसे पुसले नाहीत. १९७९ च्या सुरुवातीला सहा डॉलरच्या घरात असलेला चांदीचा भाव जानेवारी १९८० मध्ये पन्नासच्या जवळ पोचला, तेव्हा मात्र चांगले चांगले चमचे आणि चहाचे संच पोत्यांनी भट्टीत गेले. भाव काही आठवड्यांतच कोसळला. चमचे परत आले नाहीत.

आता आपल्या घराकडे येऊ.

राणीच्या चमच्यात हजारी ९२५ चांदी, आणि राणीछाप रुपयात किती? बारा भागांत अकरा, म्हणजे हजारी सुमारे ९१७. फरक फारसा नाही. त्या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. घरात वस्तू घडवायची तर गिऱ्हाइकाने सोनाराला रुपयेच मोजून द्यायचे, सोनाराने ते आटवून भांडे करायचे आणि मजुरी वेगळी घ्यायची, ही देशातली सर्वत्र रीत होती. तेव्हा तुमच्या देवघरातली पळी, तुपाची वाढणी किंवा अत्तरदाणी त्या काळातली असेल, तर तीही व्हिक्टोरियाच्याच चांदीची असण्याचा बराच संभव आहे. घडवली मात्र आपल्या हातांनी, आपल्या कामासाठी.

पळी हा आमच्या मते आपल्याकडचा सर्वांत सुंदर चमचा. बहुतेक घरांत तांब्याची, बऱ्या घरांत चांदीची. उथळ वाटी, बारीक दांडा, टोकाला नागाचा फणा. संध्येच्या वेळी थेंबभर पाणी तळहातावर पडावे म्हणून ती तशी लहान, आणि पंचपात्रीच्या काठावर टेकून राहावी म्हणून मानेशी वाकलेली. दुसरी वस्तू बोंडले. तान्ह्या बाळाला दूध किंवा औषध पाजायचे, एका बाजूला चोच काढलेले भांडे. इंग्रजांकडेही बाळाला पातळ पेज भरवायचे 'पॅप बोट' होते, हुबेहूब आपल्या बोंडल्याचे भावंड. इथे ते काचेच्या कपाटात किमतीच्या चिठ्ठीसह असते. आपले बोंडले माळ्यावर, मडक्यात, काळे पडलेले.

त्या काळातली आपल्याकडची उंची चांदी साहेबांबरोबर विलायतेला गेली आणि तिथून फिरत फिरत इथल्या बाजारात येते. कच्छच्या भूजचा ओमरसी मावजी इंग्रजीत 'ओ. एम.' असा ठसा मारी, त्याच्या वस्तूंना आज लिलावात मोठी किंमत येते. पुण्याच्या लष्करातल्या हीरप्पा बुचेना यांचे नाव कोरलेली, देवादिकांच्या मूर्ती उठवलेली भांडीही संग्राहक शोधत असतात. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या कारागिरीवर ग्रंथच लिहिला. पण हे सगळे साहेबाच्या टेबलासाठी केलेले. आपल्या देवघरात राहिलेल्या पळीवर कोणाचा ठसा नाही, म्हणून तिला ना लिलाव ना ग्रंथ.

ठसा नाही हे मात्र पूर्ण खरे नाही. सरकारी ठसा नाही, पण अक्षरे आहेत. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, आणि ती आपल्याला इतकी सवयीची आहे की आपण ती वाचतही नाही. टिंबाटिंबांनी कोरलेले "चि. अमुक यांस उष्टावणप्रीत्यर्थ आत्याकडून", खाली गाव, मिती किंवा तारीख. कधी नुसते आडनाव, कधी माहेरचे नाव. कधी जुने नाव घासून त्यावर दुसरे घातलेले, म्हणजे ते भांडे एका घरातून दुसऱ्या घरात गेले. इंग्रजी ठसा सांगतो चांदी किती आणि घडवली कोणी. आपली अक्षरे सांगतात दिली कोणी, कोणाला आणि कशासाठी. घराच्या इतिहासाला दुसरा प्रकार अधिक उपयोगाचा आहे असे आम्हाला वाटते. ज्या बायकांचे नाव सातबाऱ्यावर कधी आले नाही, त्यांचे नाव वाटीच्या काठावर सापडते.

आणि हीच अक्षरे मोडीत सर्वांत आधी जातात. सराफाचा यात काही दोष नाही. तो वजन करतो, कस पाहतो, घट धरतो आणि पैसे देतो, त्याचा धंदाच तो. अक्षरे वाचणे हे आपले काम. पण पुण्याची इमारत पाडून नवी व्हायची असते, आपल्याला दोन आठवड्यांची रजा मिळालेली असते, त्यातले चार दिवस जेट लॅगमध्ये आणि तीन बँकेत जातात. शेवटच्या दोन दिवसांत माळा रिकामा होतो. वाटणी तराजूने होते कारण तराजूवर भांडण होत नाही. हे सगळे आम्ही जवळून पाहिले आहे आणि कोणाला नावे ठेवायची आमची इच्छा नाही.

तरी काही सुचवतो. पहिली गोष्ट, सगळी चांदी जपण्यासारखी नसते हे मोकळेपणाने मान्य करू. लग्नात आलेली साच्यातली ताटल्यांची चळत, दिवाळीला कंपनीने दिलेली लक्ष्मीची नाणी, पत्र्यासारख्या पातळ वाट्या, हे सगळे खुशाल मोडीत द्या, भाव चांगला आहे. हाताने घडवलेले आणि अक्षरे असलेले तेवढे बाजूला काढा. बहुतेक घरांत अशा वस्तू पाचसातच निघतात आणि त्यांचे वजन एकूण चांदीच्या मानाने क्षुल्लक असते. दुसरी गोष्ट, वाटणीत वस्तू अख्खी द्या आणि वजनाचा फरक पैशाने भरून काढा. पंचपात्री एकाकडे आणि पळी दुसऱ्याकडे असे करू नका. हे प्रत्यक्षात घडते म्हणून लिहितो.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे बर्मिंगहॅमचा १८८० चा चमचा आम्ही अलमेडात खिशात घालून घरी आणू शकतो, पण त्याच सालची पणजीची पळी बॅगेत घालून इथे आणता येणार नाही. विचित्र वाटते, पण देशातून काय काय बाहेर गेले ते पाहिले तर कायदा का झाला हे समजते. वस्तूच्या वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला मिळवता येतो. खरोखर जुनी असेल तर ती तिथेच, रोज पूजा करणाऱ्या चुलतभावाकडे किंवा मावशीकडे राहू द्या. वस्तू तिथे आणि तिची नोंद इथे, यात वाईट काही नाही.

कोणी म्हणेल की असल्या घरगुती चमच्यांना कोण विचारतो. दिनकर केळकरांना (१८९६–१९९०) लोक हेच म्हणाले असतील. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा हा माणूस गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करीत राहिला. दुसऱ्यांच्या लेखी ती पितळेची मोड होती. पुढे त्यांनी संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आज पुण्याच्या शुक्रवार पेठेत लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभ्या असलेल्या त्या संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. पुढच्या फेरीत लक्ष्मी रोडवर जाल तेव्हा तासभर काढून मुलांना तिथे न्या. सुपारी कातरायच्या हत्याराला एवढे अवयव कोणी दिले आणि का, हे मुले विचारतीलच.

आमची मंडळाला विनंती अशी आहे की येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सभागृहात एक टेबल यासाठी द्यावे. ज्यांच्याकडे इथे जुनी पळी, वाढणी, बोंडले, उष्टावणाचा चमचा असेल त्यांनी एकच वस्तू आणावी. वस्तू देशात असेल तर तिचा फोटो आणि अक्षरांचा ठसा चालेल. ठसा घेणे सोपे आहे, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवली की अक्षरे उमटतात, तिकडचे कोणीही पाच मिनिटांत करून पाठवील. सोबत एक चिठ्ठी: वस्तू कोणाची, कोणत्या गावची, काय लिहिले आहे ते जसेच्या तसे, वजन किती आणि ती कशासाठी वापरत. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन करून विचारावे लागेल, ते आताच विचारा. आम्ही चिठ्ठ्या एका वहीत उतरवून मंडळाकडे ठेवू आणि काटा व पाण्याचा पेला घेऊन बसू, ज्यांना आपली वस्तू तपासून हवी असेल त्यांची तपासून देऊ. आमचे चारदोन राणीचे चमचेही शेजारी मांडू, म्हणजे मुलांना दोन्ही उलटे करून पाहता येतील.

एक सूचना. टेबलावर मांडायचे म्हणून वस्तू लखलखीत करून आणू नका. चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाने झालेले सिल्व्हर सल्फाइड, त्याने चांदीचे नुकसान होत नाही आणि नक्षीच्या खाचेत तो असला की नक्षी उठून दिसते. दंतमंजन किंवा रांगोळीने घासले की थराबरोबर अक्षरेही झिजतात. ॲल्युमिनियमची फॉइल आणि बेकिंग सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती रसायनदृष्ट्या छान आहे, पण ती खाचेतला काळेपणाही काढून टाकते आणि वस्तू सपाट, मेल्यासारखी दिसते. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ सुती कापड, आणि लगेच कोरडे पुसणे. जुन्या धोतराचा तुकडा असेल तर उत्तम.